सिस्टरांचा टूलपोस्ट

सिस्टरांच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा दारातच थबकायचा. हॉलमध्ये सोफा होता, टीपॉय होता, कोपऱ्यात तुळशीला घालायच्या पाण्याची कळशी होती. आणि जिथं टीव्ही असायला हवा तिथं, सोफ्याच्या बरोब्बर समोर, लोखंडी टेबलावर हिरव्या रंगाचं एक छोटं लेथ मशीन होतं. पाहुणा सोफ्यावर बसायचा आणि लेथकडे बघत राहायचा. तेवढ्यात चहा घेऊन सिस्टर यायच्या.

"बघा, बघा. टीव्हीत रोज तेच दाखवत्यात. ह्याच्यात रोज नवं असतंय."

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. वैरागहून सोलापूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले आणि खोली शोधत त्यांच्या दारात पोचले. त्यांनी माझं गाव विचारलं, नोकरी विचारली, आणि एक चादर माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "घडी घाल." मी घातली. त्यांनी चष्मा वर करून चादरीच्या कडा बघितल्या. "कडेला कड लागलीय. ऱ्हा." त्या दिवसापासून माझं नाव वैराग झालं. "ए वैराग, नळाला पाणी आलंय, मोटर लाव!" अशी हाक जिन्यातून आली की माझा दिवस सुरू व्हायचा.

सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबरच्या कुणी चारधाम केलं, कुणी पोरीचं लग्न केलं. सिस्टरांनी लेथ आणलं. यंत्रमागांचे सुटे भाग बनवणारं एक वर्कशॉप बंद पडलं होतं, तिथलं सामान विकायला काढलं होतं.

"गेले व्हते कपाट बघाय," त्या सांगायच्या. "तितं हे दिसलं. कपाटात काय, कपडेच ठिवायचे की!"

लेथवर बसायच्या आधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. मग थिएटरमधला जुना हिरवा गाऊन चढवायच्या, त्याच्या मागच्या नाड्या बांधायला मला हाक मारायच्या, केस टोपीत खोचायच्या. पितळेचा तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, आवळला की त्याच्यावर ब्रशनं तेल लावताना पुटपुटायच्या, "गार लागंल हं जरा." एकदा मी हसले तर म्हणाल्या, "हसू नगं. धातूलाबी सांगितल्याबिगर हात लावू ने."

गल्लीतल्या मिक्सरचे कप्लर, देव्हाऱ्याच्या दारांच्या मुठी, शिलाई मशीनचे बुश असं काहीबाही त्या करून द्यायच्या. वेळ फार लावतात म्हणून लोक कुरकुरायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

त्यांच्या निवडीचा मात्र सगळ्या गल्लीनं धसका घेतला होता. भाजीवाली त्यांना बघून टोपली खाली ठेवायची आणि निवांत मांडी घालायची. सिस्टरांनी वांगं हातात घ्यायचं, उलटं करायचं, देठ बघायचा, परत ठेवायचं, दुसरं घ्यायचं, मग पहिल्याची आठवण येऊन पुन्हा ते शोधायचं. "सिस्टर, वांगं हाय, जावई न्हाय," ती म्हणायची. सिस्टर शांतपणे उत्तर द्यायच्या, "जावई बदलता येत न्हाय म्हणून लोकं बघून घेत्यात. वांगंबी कापल्यावर बदलता येत न्हाय."

अशा बाईनं टूलपोस्ट निवडायला घेतला, तेव्हा आमच्या घरात काय झालं असेल ते समजून घ्यायला आधी टूलपोस्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. मलाही ते सिस्टरांनीच शिकवलं. लेथवर काम गरगर फिरतं आणि हत्यार एका जागी घट्ट उभं राहून त्याला कापतं. ते हत्यार धरणारी मूठ म्हणजे टूलपोस्ट. सिस्टरांच्या लेथवरचा टूलपोस्ट जुन्या पद्धतीचा, चौकोनी होता. हत्यार बदलायचं म्हणजे पान्यानं बोल्ट सैल करायचे, हत्याराचं टोक फिरणाऱ्या कामाच्या मध्याशी यावं म्हणून त्याच्याखाली पत्र्याच्या पट्ट्या सारायच्या, पुन्हा बोल्ट आवळायचे, बघायचं, चुकलं तर परत सगळं. झटपट बदलाचा टूलपोस्ट असतो, त्यात प्रत्येक हत्याराला स्वतःचं घर असतं. उंची एकदाच लावून ठेवायची. मग घरासकट हत्यार पोस्टवर सरकवायचं आणि दांडा ओढला की बसलं.

"आमच्या थेटरात अशीच सोय व्हती," सिस्टर म्हणायच्या. "डॉक्टरनं हात पुढं केला की त्यात पायजे ते हत्यार पडायचं. बघायचं काम न्हाय. आन् हितं मी पट्ट्या शोधत बसते!"

मी एकदा विचारलं होतं, "सिस्टर, इतकी वर्षं डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिलीत. आपण डॉक्टर व्हावं असं कधी वाटलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "डॉक्टरला कुटं म्हाईत असतंय हत्यार कुटं ठिवलंय ते? बाहेर येऊन चष्मासुद्धा मलाच इचारायचे."

टूलपोस्टच्या शोधात माझा उपयोग इंग्रजीपुरता होता. संध्याकाळी कॉलेजातून आले की सोफ्यावर बसून परदेशी लेथवाल्यांचे व्हिडिओ त्यांना मराठीत सांगायचे. त्यातून आमच्या घरात तीन पंथ तयार झाले. एकात दांडा ओढला की आतली पाचर सरकून हत्याराचं घर जखडायची. दुसऱ्यात एक दट्ट्या बाहेर येऊन घराला दाबायचा. तिसऱ्याच्या अंगाला उभे दाते होते, त्यांच्यावर घर कसंही फिरवून बसवता यायचं. व्हिडिओवाले पाचरीच्या बाजूचे. दट्ट्यावर सगळ्यांचा राग. दातेरी सगळ्यांना आवडायचा, पण तो महाग आणि अवजड. भाकरी भाजताना मध्येच सिस्टर विचारायच्या, "वैराग, पाचर का दट्ट्या?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायच्या, "आसं लगीच सांगता येत न्हाय."

हौशी लेथवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरही त्या होत्या. तिथं सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. मी म्हटलं, सांगा की त्यांना. "कशाला? सर म्हणून काय सल्ला बदलणार हाय?"

मग एके दिवशी त्यांनी कपड्याच्या साबणाच्या वड्या आणल्या. ओल्या करून एकमेकींना चिकटवल्या आणि थिएटरमधल्यासारख्या बारीक पात्यानं कोरायला बसल्या. कंपन्यांनी दिलेल्या मापांवरून त्यांनी पाचरीचा, दट्ट्याचा, दातेरी असे सगळे टूलपोस्ट साबणात कोरून काढले, अगदी खऱ्या आकाराचे. एकेक लेथवर ठेवून बघायच्या. हात कुठं लागतो, दांडा फिरताना कशाला आपटेल, हत्याराचं टोक कामाच्या मध्याशी येतं का. दुकानदार म्हणतात मोठा घ्या, मजबूत असतो. मोठ्या मापाचा साबणी टूलपोस्ट ठेवला तर हत्यार खालच्या टोकाला आणूनही मध्याच्या वरच राहत होतं. दातेरीच्या सगळ्यात लहान मापाचंही तेच झालं. "घेतला असता तर उरावर बसला असता," सिस्टर समाधानानं म्हणाल्या. जो नापास होईल तो न्हाणीघरात जायचा. त्या उन्हाळ्यात आमचे कपडे नाकारलेल्या टूलपोस्टनी धुतले.

हे असंच आनंदात वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका सकाळी मी खाली आले तर पाना जमिनीवर पडला होता आणि सिस्टर उजवा अंगठा डाव्या मुठीत दाबून उभ्या होत्या.

"काय झालं?"

"काय न्हाय. पाना म्हातारा झालाय."

नंतर माझ्या लक्षात यायला लागलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्या सांडशीत धरून फिरवायच्या. कुलूप डाव्या हातानं उघडायच्या. संधिवात अंगठ्यात येऊन बसला होता आणि बोल्ट आवळायचे दिवस संपत आले होते. त्यांनी हे मला कधीच सांगितलं नाही.

सांगितलं त्यांच्या धाकट्या भावानं. तो पुण्यात सरकारी खात्यात इंजिनियर होता, नुकताच निवृत्त झालेला. त्या त्याला आप्पा म्हणायच्या, तो त्यांना आक्का. गणपतीच्या आधी तो आला तेव्हा सिस्टरांच्या पायाला बँडेज होतं. पुन्हा पाना पडला होता, ह्या वेळी पायावर.

"आक्का, बास झालं आता," तो चहा तसाच ठेवून म्हणाला. "हे मशीन देऊन टाक आणि माझ्याकडे चल. खोली तयार आहे. हितं एकटीनं..." बोलता बोलता त्याचं 'इथं'चं 'हितं' झालं. "उद्या हात मशीनमध्ये गेला तर कोण बघणार?"

"हात जाणार न्हाय."

"पाना धरवत नाही तुला! मी बघतोय की."

सिस्टरांनी बँडेजचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाल्या, "दिवाळीला ये. माझ्या हातानं हत्यार बदलता आलं न्हाय, तर येते तुज्याबरोबर. लेथबी दिऊन टाकते."

"शब्द?"

"शब्द."

त्यांच्या तोंडून घाईची मुदत मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं मशिनरीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरसवदा विक्रेत्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आजी, मिस्टरांना घेऊन या. त्यांना दाखवतो."

"ते वर गेल्यात. खाली येतील असं वाटत न्हाय."

विक्रेत्यानं पुढं काही न विचारता पाचरीचा आणि दट्ट्याचा, दोन्ही टूलपोस्ट काउंटरवर मांडले. सिस्टरांनी पिशवीतून गॉजमध्ये गुंडाळलेलं डायल गेज काढलं. हा काट्याचा मीटर केसाच्या जाडीहून बारीक फरक दाखवतो. तो हत्याराच्या टोकाला टेकवून त्या घर काढायच्या, परत लावायच्या, काटा बघायच्या. काढायच्या, लावायच्या, बघायच्या. गिऱ्हाईकं थांबली. मालक गल्ल्यावरून उठून आला. कुणीतरी स्टूल दिलं. पाचरीच्या पोस्टवर काटा प्रत्येक वेळी त्याच रेघेवर येऊन उभा राहायचा. दट्ट्याच्या पोस्टवर तो कधी इकडे, कधी तिकडे.

"मग पाचरीचाच की, आजी," मालक म्हणाला. त्यालाही आता निकालाची उत्सुकता होती.

सिस्टरांनी दांडा पुन्हा एकदा आवळून बघितला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. पाचरीचा दांडा शेवटचा आवळताना त्यांचा अंगठा थरथरत होता आणि ओठ मिटले जात होते. दट्ट्याचा दांडा हलका होता, तो त्यांना सहज फिरत होता. जो बिनचूक होता तो हाताला झेपत नव्हता, आणि जो झेपत होता त्याच्यावर त्यांचा विश्वास बसेना. गेज गॉजमध्ये गुंडाळून त्या म्हणाल्या, "येते परत," आणि आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो.

त्यानंतर काही दिवस लेथवर कापड होतं. सिस्टर सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघायच्या. भाजीवाली आली तर त्यांनी पुढचं पहिलं वांगं उचललं आणि आत गेल्या. भाजीवालीनं घाबरून मला विचारलं, "बऱ्या हायत न्हवं?"

मग एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते, तर जिन्यातून हाक आली. "वैराग! खाली ये! आपण येड्यावानी चुकीची गोष्ट निवडत बसलोय!"

मी धावत खाली गेले. त्यांच्या हातात दाराची पितळी मूठ होती, त्यांनीच केलेली. ती त्या तळहातानं ढकलून दाखवत होत्या. "पोस्ट पाचरीचाच. त्यात काय निवडायचं? निवडायचा हाय तो दांडा! कंपनीचा दांडा अंगठ्यानं आवळायचा. मी आवळायचाच न्हाय. लांब करायचा, टोकाला लिंबाएवढा गोळा बसवायचा, आन् तळहाताच्या टाचेनं ढकलायचा. तितं कुटं दुखतंय मला?"

टूलपोस्ट आला. पण दांडा बनवायला जुन्याच चौकोनी पोस्टवर काम करावं लागणार होतं, आणि त्याचे बोल्ट आवळायला पाना लागणार होता. सिस्टरांनी पाना हातात घेतला, थोडा वेळ तोलला आणि माझ्यापुढे धरला. एवढ्या काळात त्यांनी मला नाड्या बांधू दिल्या होत्या, लेथला हात लावू दिला नव्हता.

"आवळ. पर जीव काढू नगं त्याचा."

मी आवळला. त्या एका बोटानं हत्यार हलवून बघून म्हणाल्या, "आजून येक नखभर." पांढऱ्या नायलॉनचा गोळा त्यांनी सावकाश कातला. मध्ये मध्ये थांबून तळहातात धरून बघायच्या, परत कातायच्या. मशीनच्या दुकानात तसा गोळा कुठंच मिळाला नसता, कारण तो एकाच हाताच्या मापाचा होता.

दिवाळीला आप्पा आला. फराळ झाला, आणि फराळाचं ताट उचलायच्या आधीच सिस्टर म्हणाल्या, "बस सोफ्यावर." त्यांनी हात धुतले. मी गाऊनच्या नाड्या बांधल्या. टीपॉयवर स्वच्छ हिरवं कापड अंथरून त्यावर मी हत्यारांची घरं मांडली, त्यांनी सांगितलेल्या क्रमानं. पितळेचा गज चकमध्ये बसला आणि लेथ सुरू झालं.

आधी त्यांनी गजाचं तोंड सपाट केलं. मग डोळे कामावरून न हलवता उजवा हात बाजूला केला.

"टर्निंग."

म्हणजे बाहेरून कातायचं हत्यार. मी एक घर त्यांच्या तळहातात ठेवलं.

"हे न्हाय," त्या न बघताच म्हणाल्या आणि हात तसाच पुढे राहिला. मी दुसरं दिलं. त्यांनी ते सरकवलं, गोळ्याला तळहात लावला, ढकललं. टक्. मग आतून पोकळ करायचं, "बोअरिंग," टक्. पितळेचा पिवळा कुरळा कीस खाली पडत होता. मी नर्स झाले होते आणि सिस्टरांच्या पाठीचा ताठपणा मला पहिल्यांदाच नीट दिसत होता. आप्पा पुढं सरकून सोफ्याच्या कडेवर आला होता.

शेवटी तयार काम गजापासून कापून वेगळं करायचं होतं. "पार्टिंग." मी दिलं. त्यांनी सरकवलं, ढकललं. दांडा अर्ध्यातच अडला. पुन्हा ढकललं. हलला नाही. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. नकळत त्यांचा अंगठा गोळ्यावर गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला.

"आक्का..." आप्पा उठला. मीही हात पुढे केला.

"कुणी हात लावायचा न्हाय." आवाज चढलेला नव्हता, पण आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. त्यांनी लेथ बंद केलं. एक श्वास घेतला. घर काढून पोस्टच्या खाचेत वाकून बघितलं, ब्रश फिरवला. खाचेत अडकलेला पितळेचा एवढासा कीस खाली पडला. घर पुन्हा सरकवलं, तळहाताची टाच गोळ्यावर टेकवली आणि खांद्यातून जोर दिला.

टक्.

लेथ पुन्हा फिरलं, आणि थोड्या वेळानं एक छोटीशी पितळी घंटी त्यांच्या हातात पडली. आत त्यांनी लोलक अडकवला, घंटी गाऊनला पुसली आणि आप्पाच्या हातात दिली. त्यानं हलवली. आवाज बारीक आणि लांबपर्यंत जाणारा होता. पुण्याचा निवृत्त इंजिनियर तिच्याकडे बघतच राहिला.

"ही तर एडक्याच्या गळ्यातली," तो म्हणाला.

"व्हय. म्होरक्या एडक्याची. तू हरवून आला व्हतास, आन् आपल्या आबांचा मार मी खाल्ला."

आप्पा हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. जाण्याचा विषय मग कुणी काढला नाही. दोन दिवस भावाबहिणींनी मेंढरांच्या, वाड्यावस्तीच्या आणि एका खोडील एडक्याच्या गोष्टी काढून इतका दंगा केला की शेजारचे बघायला आले.

भाऊबीज झाल्यावर आप्पाला स्टेशनवर सोडून आम्ही दोघी रिक्षानं परत निघालो. सिस्टर बाहेर बघत होत्या. मला वाटलं, भावाची आठवण येत असेल.

"वैराग," त्या एकदम म्हणाल्या, "दांडा आडला व्हता न्हवं, तवा मी लई भ्यायले."

"तुम्ही?"

"शब्द दिला व्हता की. न्हाय फिरला असता तर आज त्याच्यासंगं त्या गाडीत बसले असते. इतक्या आपरेशनला हुबी ऱ्हायले, कदी आशी भ्यायले न्हाय." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पसरून त्यांच्याकडे बघितलं, आणि मोठ्यानं हसल्या.

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "मावशी, नवी पेठेत दिवाळीची गर्दी हाय. बाहेरनं घिऊ का?"

"बाहेरनं कशाला?" सिस्टर पदर सारखा करून ऐसपैस बसल्या. "गर्दीतनंच घे. सावकाश घे. आमाला काय गाडी गाठायची न्हाय."